परसू आणि निमाच्या झोपेचं प्रकरण

पंधरा वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढलेल्या माणसाला एक खोड लागते. दिसेल त्या कागदाला तो नंबर देतो. कोणाची लग्नपत्रिका हातात आली तरी माझा डावा हात आपोआप शिक्का शोधू लागतो. ही खोड निरुपद्रवी आहे असं मी एकोणऐंशीच्या दिवाळीपर्यंत समजत होतो. त्या दिवाळीनंतर जे झालं त्याला मी 'प्रकरण' म्हणतो, माझी बायको शालू 'तमाशा' म्हणते, आणि आमच्या कचेरीत त्याला अजूनही नुसतं 'अकराशे सत्तेचाळीस' म्हणतात.

दिवाळीच्या सुट्टीत आमची दोन्ही मुलं तीन आठवडे वडनेरला आजोळी होती. परसू सात वर्षांचा, दुसरीत. निमाला सहावं लागलेलं, पहिलीत. वडनेरला माझे सासरे रूपरावजी यांची भाजीपाल्याची वाडी आहे, आणि वाडीतला दिवस पहाटे चारला उगवतो. कंदील लावायचा, पालक, मेथी आणि सांबार उपटायचा (पुण्याकडचे लोक सांबाराला कोथिंबीर म्हणतात, त्याला आपण काय करणार), जुड्या बांधायच्या, टोपली भरायची आणि साडेपाचच्या पहिल्या एस.टी.वर चढवायची. दहाला जेवण. बारा ते तीन आंब्याखाली खाटेवर झोप. दिवे लागले की पुन्हा झोप. तीन आठवड्यांत मुलं या कार्यक्रमात इतकी मुरली की ती जन्मली हिंगणघाटला याचा त्यांना विसर पडला.

इकडे आमची शाळा अकरा ते पाच. म्हणजे वाडीची दुपारची झोप शाळेच्या ऐन मध्यावर येऊन पडत होती. हा हिशेब रविवारी मुलांना घरी आणताना माझ्या डोक्यात आला नाही. सोमवारी पहाटे चारला आला. परसू माझ्या छातीवर बसून मला हलवत होता.

"बाबा, उठा. पालक उपटाचा हाय."

"कोणता पालक?"

"आपला."

निमा परकर खोचून दाराशी तयार उभी होती. आमच्याकडे दोन खोल्या, एक मोरी आणि डब्यात लावलेली एक तुळस. उपटण्याजोगं काही नव्हतं. मी दोघांना झोपा म्हणालो. ती झोपली नाहीत, पण आज्ञाधारक असल्यामुळे गादीवर बसून राहिली आणि बोलत राहिली. वाडीतलं बोलणं हे विहिरीपासून बांधापर्यंत ऐकू जावं असं असतं. साडेचारला उजवीकडच्या अण्णाजींच्या घरात दिवा लागला, आणि पाचला डावीकडच्या बंडूजींच्या बायकोनं भांडी आपटून निषेध नोंदवला.

त्या दिवशी दोघंही शाळेत झोपली. परसू दप्तरावर डोकं ठेवून, निमा सरळ सतरंजीवर हातपाय पसरून. हे मला त्यांच्या वर्गाच्या कुंताबाईंनी रस्त्यात थांबवून सांगितलं. पहिली आणि दुसरी त्या एकाच खोलीत शिकवत, त्यामुळे दोघांचा अहवाल एकत्रच मिळाला.

सोमवार हा आमच्या सासऱ्यांचा हिंगणघाटच्या बाजाराचा दिवस. बाजार आटोपून संध्याकाळच्या गाडीआधी ते घरी टेकले. मुलं तेव्हा ताटावर बसली होती आणि दोघांच्याही माना भातात चालल्या होत्या. वाजले होते साडेसहा. रूपरावजींनी निमाच्या हनुवटीला लागलेलं वरण आपल्या शेल्यानं पुसलं आणि म्हणाले, "जवाईबापू, एक गोष्ट बोलू का? लेकरायले इथलं मानवून नाई राह्यलं. वडनेरले चवथीपर्यंत शाळा हाय. राहू द्या आमच्यापाशी. दर सोमवारी म्या घेऊन येत जाईन भेटाले."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला राग यायला थोडा वेळ लागला. मग मात्र भरपूर आला. सरकारी नोकर असलेल्या माणसाला स्वतःची दोन लेकरं वेळेवर झोपवता येत नाहीत, असा त्याचा अर्थ मी काढला. मी म्हणालो, "मामाजी, आठ दिवस द्या. पुढच्या सोमवारपर्यंत मुलं वळणावर नाही आली, तर तुम्ही खुशाल घेऊन जा."

"बोललात ना?"

"बोललो."

रूपरावजी दिलेला शब्द घेणारा माणूस आहे. त्यांनी मान हलवली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेले. मागे वळून पाहतो तो शालू उंबऱ्यात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.

"लेकरं का ताशपत्ते हायेत, डावावर लावाले?" एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. बाप तिचा, मुलं तिची, आणि पैज माझी. माझ्या लक्षात आलं की बोलून तर बसलो, पण हे जमलं नाही तर पुढच्या सोमवारी खरोखरच परसू आणि निमा एस.टी.त बसून जातील आणि या दोन खोल्यांत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसू. त्या रात्री मला झोप आली नाही. घरात मी सोडून सगळे सातलाच झोपले होते.

मंगळवारी कचेरीत दुपारच्या सुट्टीत मी टंकलेखन यंत्रावर बसलो आणि वेळापत्रक तयार केलं. योजना साधी होती. मुलांचं झोपणं आणि उठणं रोज अर्धा तास पुढे सरकवायचं. पाच दिवसांत चारचे साडेसहा होतात, आणि एक दिवस हाताशी शिल्लक राहतो. विषय लिहिला: 'चि. पुरुषोत्तम व कु. निर्मला यांच्या झोपेच्या वेळांचे टप्प्याटप्प्याने पुनर्नियोजन.' खाली कलमं. पाचवं कलम, 'दुपारी जागे राहणे.' तीन कार्बन घातले होते, म्हणून मुळासकट चार प्रती निघाल्या, आणि प्रती निघाल्या की त्या कोणाला तरी द्याव्या लागतात. एक कुंताबाईंना, एक अण्णाजींना, एक बंडूजींना, चौथी घरच्या भिंतीला. प्रत्येकीखाली नेहमीची ओळ: माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव.

आणि मग हातानं दगा दिला. समोर जावक रजिस्टर उघडं होतं, शेवटची नोंद अकराशे शेहेचाळीस होती. मी शिक्का मारला, नंबर टाकला, नोंद केली, आणि शाई वाळल्यावर मला कळलं की मी काय केलं ते. जावक रजिस्टरातलं पान फाडता येत नाही आणि नोंद खोडता येत नाही. हे मीच गेली पंधरा वर्षं दुसऱ्यांना दरडावून सांगत आलो होतो.

'योग्य ती कार्यवाही' हे शब्द आम्ही कचेरीत शोभेसाठी लिहितो. कचेरीबाहेरचे लोक ते खरे मानतात. त्याच संध्याकाळी अण्णाजी हातात माझी प्रत आणि नाकावर चष्मा घेऊन हजर झाले. अण्णाजी निवृत्त पटवारी, त्यामुळे कोणताही कागद हाती आला की त्यांच्या अंगात बळ येतं. त्यांनी सहा ते साडेसातपर्यंत आमच्या खोलीत ठाण मांडलं, आणि परसूची पापणी मिटली की "ऐ लेका, वेळ नाई झाला," म्हणून काठी जमिनीवर आपटायला सुरुवात केली. निमा घाबरून रडली, रडून थकली आणि सव्वासहालाच झोपली. त्यांच्या पत्नी आनंदाबाईंनी मीठमोहरी ओवाळून टाकली आणि सांगितलं, "गिरडच्या बाबाच्या पहाडीवर नेऊन आना. माह्या नणंदेचा पोरगा झोपेत चालत जाये, पार फाटकापर्यंत. तिथं नेला आन् बसला."

"चालायचा थांबला?"

"चालते अजून. पन फाटकापर्यंत नाई जात."

बंडूजी मिलमध्ये कामाला. त्यांची त्या हप्त्यात रात्रपाळी होती. कामावर जायला निघताना त्यांनी सायकल उभी केली, प्रत घडी करून परत दिली आणि म्हणाले, "बाबूजी, म्या बारा वर्सं झाले दर हप्त्याले पाळी बदलून राह्यलो. आज दिवसा झोप, उद्या राती झोप. मले कोनी टाईमटेबल देल्लं? झोप आली का झोपाचं, भोंगा झाला का उठाचं." मला तो विचार अशिक्षित वाटला. मी हसून सोडून दिला.

बुधवारी पहाटे चारला मुलं उठली तेव्हा मी त्यांना कडक शब्दांत सांगितलं की मला उठवायचं नाही. त्यांनी नाही उठवलं. मला जाग आली ती सातच्या भोंग्यानं, आणि बाहेरून निमाचा आवाज येत होता, "ताजा सांबार घ्या जी, वाडीतला."

अण्णाजींनी आपल्या अंगणात चार हात लांबीचा एक वाफा केला होता. त्यात पालक आणि सांबार. त्या वाफ्यावर अण्णाजींचा इतका जीव की पाणी घालताना ते त्याच्याशी बोलत असत. मी बाहेर आलो तेव्हा वाफा स्वच्छ झाला होता. काळी माती, एक पान नाही. कुंपणापलीकडे आमच्या ओट्यावर गोणपाट अंथरलेला, त्यावर सत्तावीस जुड्या ओळीनं मांडलेल्या, सुतळीनं बांधून, मुळं धुऊन, पाणी शिंपडून. परसू जुड्या सरळ करत होता आणि निमा विकत होती. रात्रपाळीवरून परतणारे मिलचे लोक सायकली थांबवून घेत होते. बंडूजींनी स्वतः चार घेतल्या होत्या. आणि मी बघत असतानाच आनंदाबाई पदर खोचून आल्या, दोन जुड्या उचलल्या, हुंगल्या आणि म्हणाल्या, "असा सांबार पाह्यजे. नाईतर आमचे हे लावते वाफ्यात, त्याले वासच नाई."

पुढचं मी थोडक्यात सांगतो. अण्णाजी अंगणात आले. त्यांनी वाफ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या हातातल्या जुड्यांकडे, मग माझ्याकडे. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते आत गेले, माझी प्रत घेऊन आले आणि चष्मा लावून शांतपणे विचारलं, "याच्यात पहाटे चार ते सातचं कलम कोनतं हाय?" तसं कलम नव्हतं. मुलं साडेचारला उठतील आणि शाळेचा अभ्यास करतील असं मी गृहीत धरलं होतं. परसूला मात्र आपण काही चुकलो हे कळेचना. तो मला समजावत होता, "बाबा, सांबार फुलावर आला होता. आज नसता काढला तं वाया गेला असता." अण्णाजी हे ऐकून आणखी दुखावले, कारण ते खरं होतं. मी त्यांना बाजारातून बी आणून देण्याचं कबूल केलं आणि चहा न पिता कचेरीत गेलो.

तिथे दुसरा तमाशा मांडून ठेवला होता. शाळेचे मोठे गुरुजी नियमाचे माणूस. जावक नंबराचं पत्र आलं म्हणजे त्याला नंबरानंच उत्तर गेलं पाहिजे, असं त्यांनी कुंताबाईंना बजावलं, आणि कुंताबाईंनी ते दिलं. शाळांकडून आलेली पत्रं आमच्याकडे आधी बडेबाबूंकडे जातात. बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क महादेवराव, यांना पत्र मोठ्यानं वाचायची सवय होती.

"संदर्भ, आपले पत्र जावक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस," त्यांनी सुरुवात केली. "उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, काल मंगळवार रोजी चि. पुरुषोत्तम हा अकरा पन्नास ते दोन वीस, व कु. निर्मला ही बारा ते शाळा सुटेपर्यंत झोपलेली आढळून आली. सबब, आपल्या पत्रातील कलम पाच, दुपारी जागे राहणे, याची अंमलबजावणी कोणत्या कार्यालयाने करावयाची आहे याचा खुलासा व्हावा." बडेबाबूंनी कागद खाली ठेवला. खोलीतली सगळी यंत्रं थांबली होती. "लक्ष्मणराव, हे प्रकरण कोणत्या खात्याचं आहे?"

मी म्हणालो, घरगुती आहे.

"घरगुती प्रकरणाला जावक नंबर कसा?"

मी म्हणालो, चुकून पडला.

"पडला तर पडला. आता त्याचा निपटारा दाखवावा लागेल. शनिवारी प्रलंबित यादी वर जाते." आणि ते पत्र त्यांनी माझ्याकडेच आवक करायला दिलं. माझ्याच मुलांच्या झोपेची नोंद मी माझ्याच हातानं घेतली.

मानी माणूस अशा वेळी मागे हटत नाही, तो आणखी खोलात जातो. मी घड्याळाला हात घातला. मुलं आजोळी घड्याळ वाचायला शिकली होती. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले की ती स्वतःहून गादी घालत. तेव्हा घड्याळच रोज अर्धा तास मागे ठेवलं तर ती नकळत उशिरा झोपतील, उशिरा उठतील, आणि अण्णाजींच्या काठीचीही गरज उरणार नाही. मंगळवारची रात्र वाया गेली होती, म्हणून बुधवारी मी घड्याळ एकदम तासभर मागे केलं आणि गुरुवारी आणखी अर्धा तास. माझं मनगटी घड्याळ दुरुस्तीला होतं, पण भिंतीवरची वेळ पाहायची आणि मनात मिळवणी करायची, इतकं गणित मला येत होतं.

आणि काय सांगू, योजना लागू पडली. गुरुवारी संध्याकाळी मुलं चक्क साडेआठपर्यंत जागी राहिली. शुक्रवारी सव्वापाचला उठली. मी शालूला म्हटलं, "बघितलंस? शास्त्र आहे हे." तिनं पोळी तव्यावर उलटली. विजयाच्या त्या आनंदात मी मिळवणी विसरलो. सावकाश अंघोळ केली, दोनदा चहा घेतला, आणि भिंतीवर सव्वादहा पाहून दिमाखात कचेरीत पोचलो तेव्हा तिथे पावणेबारा झाले होते. पंधरा वर्षांतला माझा पहिला लेट मार्क. बडेबाबू म्हणाले, "काय, झोप लागली होती?" त्यांनी हे अगदी साधेपणानं विचारलं, पण बाकीचे सगळे टेबलाखाली काहीतरी शोधू लागले.

माझी इज्जत जायची ती एकटी गेली नाही. अण्णाजी रोज सकाळी आमच्या खिडकीतून डोकावून भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे आपलं खिशातलं घड्याळ लावत असत. सांबार गेला तरी ही सवय त्यांनी सोडली नव्हती. शुक्रवारी आनंदाबाईंना घेऊन ते गिरडला निघाले, आमच्याच मुलांसाठी नवस बोलायला, आणि स्टँडवर पोचले तेव्हा गाडी जाऊन दीड तास झाला होता. हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी फक्त खिडकीची ती बाजू जुन्या सतरंजीनं बंद केली.

संध्याकाळी मी घड्याळ बरोबर केलं आणि शनिवारच्या पहाटेची वाट पाहू लागलो. मला वाटलं, आता पुन्हा चार. मुलं उठली सहाला. म्हणजे घड्याळ बरोबर असूनही उठली सहाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या शास्त्राचा आधारच निघाला होता. शनिवारी सकाळची शाळा. मुलांना आणायला गेलो तेव्हा कुंताबाई दारात भेटल्या. मी जरा आडून विचारलं, "आता दुपारी झोपत नाहीत वाटतं?"

"कसे झोपतीन?" कुंताबाई म्हणाल्या. "आमचा चपराशी नत्थूजी कापूस वेचाले गावी गेला. घंटा कोन मारीन? गुरुवारपासून म्या परसूले देल्ली. तासातासाले उठाचं, स्टुलावर चढाचं आन् रुळावर हातोडी हानाची. निमाले पाठवते गुरुजीच्या खोलीत, काटा कुठं आला पाहून ये म्हनून. ज्याले घंटा मारायची हाय त्याले झोप कुठून येईन? दिवसा नाई झोपले, राती झोपले, सकाळी उठले. त्याले का कागद लागते?"

इतकंच होतं. पहिल्या दिवशी परसूनं जेवणाची घंटा स्वतःला भूक लागली तेव्हा मारली आणि साऱ्या शाळेनं पावणेबाराला डबे उघडले, एवढी एक अडचण आली. ती त्यांनी रजिस्टरात न लिहिता मिटवली. मी माझ्या चार प्रतींचा विचार करत घरी आलो. बडेबाबूंच्या प्रलंबित यादीत मी लिहून दिलं, 'निपटारा सोमवारी कळविण्यात येईल.' रविवारी शाळा नव्हती, म्हणून दुपारी मुलांना जागं ठेवायची जबाबदारी मी घेतली. सागरगोटे खेळता खेळता मी भिंतीला टेकून झोपलो. तीनला जाग आली तेव्हा परसू पितळी थाळीवर बत्त्यानं तीनचे ठोके देत होता आणि बंडूजी रात्रपाळी करून आलेल्या डोळ्यांनी आमच्या दारात उभे होते.

सोमवारी मला पाचला आपोआप जाग आली. मुलं झोपलेली. साडेपाच, पावणेसहा, सहा, दोघंही झोपलेली. मी अंथरुणावर बसून काय बोलायचं ते जुळवत होतो. शिस्त, वेळ, आजकालचं शिक्षण. सव्वासहाला कडी वाजली. रूपरावजी टोपल्या स्टँडवर हमालापाशी ठेवून सरळ इकडेच आले होते. हातात फक्त एक फडक्याचं गाठोडं.

"उठले का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात काय असेल ते असेल. "साडेसहाला उठतात आता. दुपारी झोपत नाहीत. हवं तर कुंताबाईंना विचारा."

"कायले विचारू. मंग जमलं म्हना तुमचं."

"जमलं."

ते आत आले आणि मुलांच्या गादीशी उकिडवे बसले. परसू तोंड उघडं टाकून झोपला होता. निमाचा पाय गोधडीबाहेर आला होता, तो त्यांनी आत घातला. मी म्हटलं, उठवू का. तर म्हणाले, "नोका उठवू. हप्ताभर मेहनत घेतली तुमी." मी जुळवलेलं भाषण तसंच राहिलं. शालूनं चहा आणला आणि विचारलं, "आई कशी हाय?"

त्यांनी फडकं सोडलं. आत पालकाच्या जुड्या होत्या, पण किती लहान. अंगठ्याएवढ्या जाड, प्रत्येकीत आठ-दहा पानं.

"तुह्या मायनं देल्ल्या," ते म्हणाले.

"एवढ्या लहान काऊन बांधल्या?"

"अशाच बांधते आता. निमाच्या मुठीत मावतीन एवढ्या. म्या सांगतलं, बाजारात कोनी पाहात नाई अशा जुडीकडं. तं म्हनते राहू द्या. चारले उठते, तीन पोते टाकते बसाले. एकावर थे बसते. दोन तसेच राह्यते." त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत. "जवाईबापू, तवा म्या शाळेचं नाव सांगतलं. शाळा तं कुठंबी होते. तिच्यासाठी म्हटलं होतं. पन तुमचं बरोबर हाय. लेकरं मायबापापाशीच शोभते. चलतो, बाजार भरून राह्यला."

मी पैज जिंकलो होतो. शालू एक जुडी मुठीत धरून चुलीकडे तोंड करून उभी होती. आठ दिवस मी दोन लेकरांना आपल्या घरच्या वेळेवर आणायला धडपडलो, आणि तिकडे रुख्माबाई, आमच्या सासूबाई, लेकरांच्याच वेळेवर थांबून राहिल्या होत्या. त्यांच्यासाठी कोणी काही योजलं नव्हतं.

मामाजी उंबऱ्यापर्यंत गेले होते. "थांबा," मी म्हणालो, आणि मुलांच्या अंगावरची गोधडी ओढली. "परसू, निमा, उठा. आबाजीसोबत बाजारात जायचं आहे."

"अवो, आज शाळा हाय," शालू म्हणाली.

"अकराला आहे. दहाला मी घेऊन येतो. आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोघांना वडनेरच्या गाडीत बसवून देतो. मामाजी, तुम्ही सोमवारी बाजाराला येताना घेऊन यायचं. दर शनिवारी."

रूपरावजी उंबऱ्यातून मागे वळले. मग म्हणाले, "मंग तं दर सोमवारी चारले उठतीन ते. वर्गात झोपतीन."

"झोपू द्या."

परसू डोळे चोळत होता. निमानं मात्र तेवढ्यात परकर खोचला होता. ती अर्धवट झोपेतच आजोबांपाशी गेली आणि त्यांचं धोतर धरून विचारलं, "आबाजी, आजीनं माह्यं पोतं ठेवलं का?"

"ठेवलं हाय, माय," ते म्हणाले. "रोजच टाकते."